लॅपटॉपवाल्या महाराजाचा लाल कौल

मोहितची अक्कल चरायला गेली, असं मनकर्णाबाई चारचौघांत बोलायची. पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं? गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात एका महाराजाने लॅपटॉप मांडला, त्यावर बायकोचं नाव लाल झालं, आणि या शहाण्याने दोन लेकरांच्या मायला, चंदाला, एसटीत बसवून माहेरी, नवेगावबांधला, धाडलं.

बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. चेला रांगेतल्यांची नावं आधी मशीनमध्ये भरायचा, मग महाराज एकेक नाव विचारायचे. हिरवं झालं तर देवाची कृपा, लाल झालं तर घरात बाधा. दर बाजाराला एकच लाल निघे, आणि शांतीची पूजा त्याच्याच गळ्यात.

"वरची यादी हाय माय, मी तं फक्त बटन दाबतो!" असं म्हणत महाराज दुसऱ्या हाताने दक्षिणेचं ताट पुढे सरकवत.

पुढच्या बाजाराला मनकर्णाबाईने मोहितला ओढत नेलं, सोबत लेकीची लेक मोनाली. ती गोंदियाला कम्प्युटर शिकायची. चेला चहाला गेला अन् महाराज दक्षिणा मोजू लागले, तसा तिने लॅपटॉपमधला कोड उघडला आणि हसलीच.

"आजी, तुझ्या म्हशीचं नाव टाकू?"

"टाक. भुरी."

यादीत नसलेली भुरी हिरवीगार! बाया हात जोडू लागल्या. मग मोनालीने नवी यादी केली, पहिलं नाव महाराजांचं. महाराज लालभडक.

"जावास्क्रिप्टमध्ये ॲरेत, म्हणजे यादीत, नाव शोधलं की मशीन त्याची जागा सांगते," मोनाली ओरडून सांगू लागली. "पहिली जागा शून्य. नाव नसलंच तर उणे एक. इथं शून्यालाच 'नाही' धरलं, बाकी सगळं 'आहे', उणे एकसुद्धा. म्हणून पहिला माणूस बाधलेला अन् म्हैस पुण्यवान. मामी त्या दिवशी रांगेत पहिली होती, एवढंच!"

"देवानं परीक्षा घेतली!" महाराज गरजले.

रांग मोडली नाही. फक्त पहिलं कोणी उभं राहीना. शेवटी लोकांनी एका विधवेला पुढे ढकललं.

मोहित पुटपुटला, "पण माय, पहिलं नाव चंदाचंच कायले आलं?"

मनकर्णाबाई भर बाजारात त्याच्यासमोर उभी राहिली.

"लेकरू तापानं फणफणून राहिलं होतं अन् तू खाटेवर लोळून राहिला होता, म्हणून ती पहाटेच येऊन रांगेत लागली! डोकं लावाले पैसे लागते का रे? मशीनची चूक पोट्टीनं दाखवली, तुले दाखवूनबी दिसत नाही. उद्या मीच जातो चंदाले आणाले. अन् ती नाही आली, तं तिचं बरोबरच हाय."