गिरणी थांबली

सुशीलाने शेवटच्या प्लेटेवरून ओलं फडकं फिरवलं आणि ते बादलीत टाकलं. सकाळचे दहाच वाजले होते, पण तापलेल्या काचेला हात लावता येत नव्हता. सोलरच्या दहाही प्लेटा उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या. बाजूच्या खांबावर मोटरच्या बटनाच्या डब्याचा हिरवा दिवा जळत होता. पाइपातून मात्र नीट पाणी येत नव्हतं. जरा वेळ धार पडायची आणि मोटर बंद व्हायची.

तिचा नवरा रामदास विहिरीच्या कठड्यापाशी चपला काढत होता.

"फिटरची वाट पाहा ना," ती म्हणाली. "निरंजन परसों येतो म्हणे."

"परसोंपर्यंत बाग वाळून जाईन. केळीचे घड निंघेल हायेत. खाली वायरीचा जोड ढिला झाला असंन, दुसरं काय?"

"मग आधी बटन पाडते."

"आत्ता नको. चालू असताना ठिणगी कुठं पडते ते पाहू दे. मी सांगतो तवा बटन पाड अन् मंग आवाज दे. तुह्या आवाजाबिगर मी हात लावतो का कधी?"

नव्हता लावत. तीस वर्षांत एकदाही नाही. जसोंडी गावच्या विजेच्या लाइनीला वेळकाळ नव्हता आणि विहिरीत उतरलं की दूरचं काही ऐकू येत नसे. रामदासचा थोरला भाऊ लोटू लाइन गेलेली पाहूनच वायर जोडायला उतरला होता. हात वायरीवर असतानाच लाइन परत आली. तेव्हापासून या घरात एक रीत पडली. गावाच्या कडेची गोटूची पिठाची गिरणी आणि शिवारातल्या मोटारी विजेच्या एकाच डीपीवर होत्या. सुशीलाने कठड्याशी उभं राहायचं आणि कान गिरणीकडे ठेवायचा. घरघर थांबली, म्हणजे लाइन गेली, की ओरडायचं, "गिरणी थांबली!" मगच रामदासने वायरीला हात घालायचा. घरघर पुन्हा लागली की, "गिरणी सुरू झाली, वर या!" खालून लगेच "आलो!" यायचं. ते "आलो" कानांवर पडलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आपण एकदाही चुकलो नाही, याचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

गेल्या वर्षी प्लेटा बसल्या. जुनी मोटर निघाली, लाइनीची वायर कापली गेली. रामदासने नारळ फोडला आणि बुऱ्हाणपूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटला, "जे ऊन आमची केळी जाळायचं, तेच आता तिला पाणी पाजतं!" बोलणं खरंच होतं. लाइनीसाठी रात्री उठणं संपलं. सकाळी ऊन आलं की पाणी, संध्याकाळपर्यंत पाणी. दिवसभराच्या उपशाने विहीर मात्र खाली गेली होती. या उन्हाळ्यात रामदासला अकरा पायऱ्या जास्त उतराव्या लागत होत्या.

निरंजनने प्लेटा बसवल्या त्या दिवशी तिला बजावलं होतं, "काकी, एक बात ध्यानात ठेवा. धूप आहे तोपर्यंत ह्याच्यात करंट आहे. लाइन गई तो भी आहे. हात लावायच्या पहले बटन खाली." तिने ते पाठ करून ठेवलं होतं. रामदासलाही पाठ करायला लावलं होतं.

रामदास लोखंडी पायऱ्यांवरून उतरला. वरून त्याची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. मोटर सुरू झाली, गुरगुरली, पुन्हा बंद पडली.

"सापडला!" खालून हाक आली. "पाड बटन!"

डबा बारा पावलांवर होता. सुशीला वळली. दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच गावाकडची घरघर थांबली. तिचे पाय आपोआप मागे फिरले. ती कठड्यावर वाकली.

"गिरणी थांबली!"

आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला. विहीर खाली गेल्यापासून तिथे शब्द पोचायचे नाहीत, नुसता तिचा आवाज पोचायचा. रामदासला तेवढा पुरत असे.

"हां. घालतो हात."

तिने पदराने तोंड पुसलं. तिला बरं वाटलं, नेहमी वाटायचं तसं. मग डोळ्यांवर चमक आली म्हणून तिने मान वर केली. प्लेटा लखलखत होत्या. खांबावर हिरवा दिवा जळत होता.

"नका! हात नका लावू!"

ती ओरडतच धावली. दोन्ही हातांनी तिने बटन खाली ओढलं. दिवा विझला. ती परत कठड्याशी आली तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. उन्हातून आलेल्या डोळ्यांना विहिरीत नुसता काळोख दिसत होता. टोपी कुठे दिसेना. फार खाली पाणी हलल्याचा आवाज आला आणि थांबला.

"अहो!"

तेवढ्यात गावाकडे गोटूची गिरणी पुन्हा घरघरू लागली.

सुशीलाने कठडा घट्ट धरला. दुसरं काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही.

"गिरणी सुरू झाली," ती खाली वाकून ओरडली. "वर या!"

आणि "आलो" ऐकायला तिने कान लावला.