उंबरदांडची सरासरी

उंबरदांड हे गाव श्रीमंत आहे असं कळल्यावर सविताला तीन दिवस घास गोड लागला नाही.

हसण्यासारखीच गोष्ट आहे. एखादं गाव श्रीमंत निघालं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण हे गाव साक्रीच्या पश्चिमेला, पार डोंगरात, पाऊस पडला तर पिकणारं. तिथे जाणारी काळी-पिवळी शेवटच्या चढावर माणसं खाली उतरवते, रिकामी वर चढते आणि मग हॉर्न वाजवून माणसांना बोलावते. अशा गावाची माणशी मिळकत धुळ्याच्या ऑफिसातल्या कागदावर अख्ख्या तालुक्याच्या वर आली होती. आणि तो आकडा सविताने स्वतःच्या हाताने आणला होता.

सविता पहूरची. शिकून सवरून धुळ्याच्या एका संस्थेत ठेक्यावर पाहणीचं काम करायची. संस्थेपुढचा प्रश्न मोठा होता. एकाच खानदेशात जळगावला सोन्याच्या दुकानांसमोर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि साक्रीचा डोंगरपट्टा मात्र वीस वर्षं जिथल्या तिथे, हे असं का? उत्तर सापडेल तेव्हा सापडेल, तोवर थोडं काम तरी व्हावं म्हणून दहा गावांना भगर-नागली सडायची आणि पिशव्यांत भरायची यंत्रं मिळणार होती. ज्या बायका चालवतील त्यांना बारा महिने गावातच रोजगार. अट एकच, गावाची मिळकत ठरलेल्या रेषेखाली हवी. उंबरदांडच्या बायकांनी पावसाळ्यातच अर्ज दिला होता, नऊ सह्या आणि बावीस अंगठे. आता गाव रेषेच्या वर गेलं म्हटल्यावर त्याचं नाव खोडलं जाणार होतं. यादी मार्चअखेर पुढे जायची होती आणि फेब्रुवारी निम्मा सरला होता.

सविताने कागद दहादा तपासला. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. शेवटी रविवारी तिने पहूरला आईला फोन लावला. द्रौपदाबाईला भागाकार येत नव्हता, पण माणसं ओळखता येत होती.

"माय, मी जानेवारीत त्या गावात दोन दिवस राहिले. वीस घरं केली. घरं चांगली, माणसं चांगली, डाळिंबाच्या बागा. पण मन म्हणतं काहीतरी चुकलंय."

"जानेवारीत गेलती?" द्रौपदाबाई पलीकडून म्हणाली. "उसाच्या टायमाले? मंग ते लोकं घरी सापडलेच कसे व तुले?"

सविताच्या हातातला चहा हातातच राहिला.

सापडले नव्हतेच. यादीतल्या वीस घरांपैकी तेरा घरांना कुलूप होतं. आणि संस्थेच्या छापील नियमात स्पष्ट लिहिलं होतं, घर बंद असल्यास लगतचे उघडे घर घ्यावे. सविता नियमाने चालणारी मुलगी. तिने उघडी घरं घेतली. आता पौष-माघात उंबरदांडला उघडं घर कुणाचं असणार? पोलीस पाटलाचं, मास्तरांचं, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांचं. बाकी गाव दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊस तोडायला गेलेलं. म्हणजे सविताने गाव मोजलंच नव्हतं. गावातून न गेलेली माणसं मोजली होती.

त्यात अभिमन आबा, यादीतल्याच सात उघड्या घरांतले. आबांची पिठाची चक्की, किराणा दुकान आणि डाळिंबाची बाग. मिळकत विचारल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवत सांगितलं होतं, "लिखा ताई, बारा लाख!" शेतकरी कधी मिळकत वाढवून सांगतो का? तो तर असलेली लपवतो. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण सविताला हे घर पटकन आटोपल्याचाच आनंद झाला होता. सरासरीत आबांचे बारा लाख अख्ख्या गावात वाटले गेले. कागदावर सगळ्यांनी लाडू खाल्ला, तोंड गोड झालं ते एकट्या आबांचं.

तिला स्वतःची लाज वाटली. अगदी रडू येईल इतकी. कारण पाचवीपर्यंत दर हिवाळा तिने सुरतेजवळच्या वीटभट्टीवर काढला होता. पहूरच्या त्यांच्या घरालाही तेव्हा कुलूपच असायचं. कुणी पाहणीला आलं असतं तर शेजारच्या केळीवाल्याचं घर लिहून गेलं असतं. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर सविताने त्याला धारेवर धरलं असतं. इथे धारेवर धरायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी ती चुडामण सरांपुढे उभी राहिली. चुडामण सर संस्थेचे प्रमुख, कमी बोलणारे, चुकीच्या आकड्यावरून माणसाला घरी पाठवणारे. सविताचा ठेका मार्चमध्येच संपत होता. तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे सरांच्या सहीवर होतं. बाहेर बसलेल्या एका सहकाऱ्याने तिला सांगूनही पाहिलं होतं, "गप्प राहा, बाई. नियमाप्रमाणेच केलंस ना? कुणाला कळतंय?" पण बावीस अंगठे तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

"सर, उंबरदांडचा आकडा खोटा आहे," ती एका दमात म्हणाली. "मी आणलाय."

आणि तिने सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ ते नियमांचं पुस्तक चाळत राहिले. सविताने मनातल्या मनात खोलीचं भाडं आणि पहूरचं तिकीट यांचा हिशोब सुरू केला.

"हा नियम कुणी लिहिला, माहीत आहे?" सर म्हणाले. "मी. पुण्यातल्या वस्त्यांसाठी लिहिला होता. तिथे बंद घर म्हणजे माणूस कामावर गेलेला, संध्याकाळी येणारा. तोच नियम मी उचलून साक्रीला लावला. दहा वर्षं लावतोय." त्यांनी पुस्तक मिटलं. "आणखी किती गावं अशी श्रीमंत करून ठेवली असतील मी, देव जाणे. ते लोक परत कधी येतात?"

"होळीला, सर. चार-पाच दिवस राहतात आणि पुन्हा जातात."

"मग त्या चार दिवसांत तेरा घरं. जमेल?"

सविता जमेल म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसली. छातीवरचा धोंडा उतरला होता. कुलपं उघडायचं काम तेवढं राहिलं होतं.

होळीच्या आदल्या सकाळी ती उंबरदांडला पोचली तर गाव ओळखू येईना. जिथे जानेवारीत कोंबडं ऐकू येत नव्हतं तिथे अंगणोअंगणी माणसं, ढोल, शेणाचं ताजं सारवण. आणि अभिमन आबांच्या चक्कीपुढे ही रांग! आबा पिठाने पांढरे झाले होते. सविताला बघताच ते चक्की गड्याच्या हाती देऊन बाहेर आले. तिने त्यांना बाजूला घेतलं आणि बारा लाखांनी काय करून ठेवलंय ते समजावलं.

आबांचा चेहरा पडला. इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "माले वाटनं, तुले पिंपळनेरवालास्नी धाडेल शे."

"कोण पिंपळनेरवाले?"

"मना आंडोरनी सोयरीक चालू शे ना! आजकाल पोरीवाला असाच माणसे धाडतस चौकशीले. मंग मी कमी कशी सांगू?"

सविताला हसावं की कपाळ बडवावं कळेना. एका बापाने मुलाच्या लग्नासाठी मिशीला पीळ दिला आणि त्यापायी अख्खं गाव श्रीमंत झालं!

"हाई कागद पिंपळनेरले जाई का?" आबांनी विचारलं.

"कुठेच जात नाही, आबा. नावसुद्धा छापत नाहीत."

आबांनी एवढा मोठा श्वास सोडला की मिशांवरचं पीठ उडालं. "मंग लिख. साडेतीन लाख. तेबी साल चांगलं ऱ्हायनं तं." मग रांगेकडे बघून ते आपणहून म्हणाले, "देख ताई, दिवाईपासून होईपावत मनी चक्की बंद ऱ्हास. दुकानमा माश्या. मना एकलाना दळणवर चक्की फिरस का? हाई गाव आठे ऱ्हायनं तं मनं बी चाली."

सविताने मनाशी म्हटलं, चुडामण सर ज्या उत्तरासाठी तीनशे पानं लिहिणार आहेत ते आबांनी पीठ झटकता झटकता दिलं.

तेरा घरं सोपी नव्हती. होळीच्या दिवशी कुणाला बसून चाळीस प्रश्न ऐकायचे असतात? सविता ढोलामागे फिरली, नाचणाऱ्याला थांबवून विचारलं, पाण्याच्या रांगेत उभी राहून विचारलं. दिवालीबाईचं घर शेवटचं. बावीस अंगठ्यांतला पहिला अंगठा तिचा. ती आणि तिचा नवरा भुरा बारा हिवाळे ऊस तोडत होती. तळहातांवर पात्यांचे बारीक काप अजून ताजे होते.

"घरात पंखा आहे?" सविताने विचारलं.

"कोणता घरनं सांगू? आठलं का तठलं?" दिवालीबाईने विचारलं. तिथलं घर म्हणजे उसाच्या फडाच्या कडेची प्लॅस्टिकची खोप.

सविताने पेन थांबवलं. मग म्हणाली, "दोन्ही सांगा."

"गेल्या महिन्यात फळं किती खाल्ली?"

"ऊस फळमा येस का?" दिवालीबाई म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. सविताही हसली. आणि लिहिताना तिला दिसत होतं की आकडा खाली येतोय, आणखी खाली येतोय. दुसऱ्याची गरिबी लिहिताना इतकं बरं वाटत होतं की त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

पंधरा दिवसांनी, दुपारी, चुडामण सरांनी तिला आत बोलावलं. टेबलावर यादी होती, आठव्या नंबरवर उंबरदांड. खाली तिच्या पुढच्या वर्षाच्या ठेक्यावर सही. आणि नियमांच्या पुस्तकात त्या ओळीवर लाल रेघ मारून सरांनी हाताने लिहिलं होतं, घर बंद असल्यास माणसे कुठे गेली ते विचारावे, आणि ती आल्यावर पुन्हा जावे.

"यंत्र दिवाळीच्या आत बसेल," सर म्हणाले. "कळवून टाका त्यांना."

गावात रेंज आबांच्या दुकानापुढेच यायची, म्हणून सविताने आबांनाच फोन लावला. यंदा पट्टा लवकर पडला होता, म्हणजे कारखान्याचा हंगाम आटोपला होता, आणि माणसं परतली होती. मागे चक्कीचा आवाज येत होता.

"आबा, काम झालं! गाव गरीब निघालं!"

"बठ्ठा या रे!" आबा ओरडले. "आपण गरीब निंघनूत!" आणि पलीकडे असा काही कल्ला उठला की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. गरीब ठरल्याचा एवढा आनंद सविताने कधी ऐकला नव्हता. ती रडत होती आणि हसत होती, आणि दोन्ही लपवायची तिला गरज वाटली नाही.

मग फोन दिवालीबाईच्या हातात गेला.

"ताई," ती म्हणाली, "दिवाईले मुकादम येई. त्याले काय सांगू?"

"सांगा, नाही येत."

"नई येत," दिवालीबाई हलकेच म्हणाली. बारा वर्षांत हे शब्द तिने मुकादमाला कधी म्हटले नव्हते, त्यामुळे ते नीट जमतात का हे तिने आणखी एकदा बघितलं. "नई येत." मग तिसऱ्यांदा ती असं ओरडली की आबांनी चक्की बंद केली.