लाकडाच्या केसभर अलीकडे

माघ उतरणीला लागला होता. दोडामार्गच्या डोंगरउतारावर रबराच्या झाडांची पानं तांबूस होऊन गळत होती आणि पर्णहीन फांद्यांतून पहाटेचा धूसर, शीतल, शिणलेला उजेड झिरपत होता. त्या उजेडात शेवंता गवस झाडामागून झाडाची साल कापत होती. सव्वीस वर्षं कापत होती.

सालीवर तिरपी रेघ ओढायची. दुग्धधवल, मंद, मूक चीक करवंटीत उतरू द्यायचा. ऊन तापण्याआधी पुढचं झाड गाठायचं. झाडाला एक दिवसाआड विसावा. तिला नाही, कारण त्या दिवशी पलीकडच्या ओळी असत.

सातासमुद्रांपलीकडच्या अरण्यांत या चिकाला म्हणे झाडाचे अश्रू म्हणत. कुणी त्याचे चेंडू केले, कुणी पावसाळी डगले. ते उन्हाळ्यात वितळत, थंडीत तडकत. मग गंधक भेटलं, अग्नी भेटला, आणि अश्रूंची चाकं झाली. जग धावत सुटलं. चीक काढणारे पायीच राहिले.

येत्या चैत्रात ही झाडं तोडायची होती. वय झालं होतं, चीक आटत आला होता. बागेचे मालक चाको, केरळातून इथं येऊन इथंच म्हातारे झालेले. ते काल म्हणाले होते, आता रोज काप, खोल काप, उरलंसुरलं काढून घे. मरणाऱ्या झाडाला जपून काय करायचं? शेवंतालाही ते पटत होतं.

पण कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनीच बजावलं होतं, पातं लाकडाला लागता कामा नये. ती जखम नीट भरत नाही. तिचं पातं आजही केसभर अलीकडेच थांबलं. दुसऱ्या झाडावर थांबलं. दहाव्यावरही थांबलं. तिला स्वतःचाच राग आला, आणि रडूही.

"शेवंताबाय, खोल मार गो. आता कोणासाठी राखतंस?" चाको मागे येऊन उभे होते.

"हात जायत नाय, बाब. तुमीच तर शिकयलात."

त्यांनी सुरी घेतली. पातं सालीवर टेकवलं, ओढलं. रेघ सुरेख उमटली आणि लाकडाच्या केसभर अलीकडे थांबली. चाकोंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"माझोपण जायत नाय," ते म्हणाले. "ऱ्हवांदे. उद्या येव नको. झाडांका सुट्टी. तुकापण."

शेवंता खोडाला पाठ टेकून बसली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच नुसती बसली. वर करवंटीत चीक पडत होता. एक थेंब. बऱ्याच वेळानं एक थेंब. आणि मग नुसतं एक पान.