नवव्या घरी राहिलेला फोटो

"हालू नको पोरी. मान खाली. हं, झालं!"

निफाडच्या फोटोवाल्याचा हा आवाज झुंबरबाईला पंचवीस वर्षांनी पुन्हा कानात घुमला, तोही नाशिक रोडच्या कॉलनीत, परक्या दारात. डोक्यावर झेंडूची पाटी होती. बाजार सोडून ती तडक इथे आली होती. समोर हर्षल उभा होता, तिच्या स्नेहलच्या अकरावीच्या वर्गातला.

"पोरीचा फोटू दे," ती म्हणाली. "सोयरीक जमली नाय तर फोटू माघारी देत्यात. तुमचं तर काय ठरलंबी नव्हतं."

हर्षलला हसू फुटलं. तेवढ्यात आतून त्याच्या आईनं विचारलं, "कोण आहे रे?" आणि ते मिटलं.

"काकू, हळू बोला ना. तिनंच पाठवला होता. मी काय चोरला?"

"किती दिस मागं लागला व्हतास?"

मग मोबाईल उघडून त्यानं नखाएवढं काळं कार्ड काढलं, तिच्या तळहातावर ठेवलं. "घ्या. यातच होता."

तिनं ते पदराच्या टोकाला बांधलं. घरापर्यंत ती गाठ मुठीत धरली, जत्रेत लेकराचा हात धरावा तशी.

स्नेहल चार दिवसांपासून भिंतीकडे तोंड करून पडून होती. झुंबरबाईनं गाठ सोडली. "ऊठ. आणला बघ माघारी."

"आई, तो ब्लूटूथनं अख्ख्या वर्गात गेलाय. हे घेऊन काय करू?"

"मंग त्यांच्याकडं जाते. एकेकाच्या दारात जाते."

"कुणाकुणाच्या? मलाच माहीत नाही." स्नेहलचा आवाज फुटला. "मी नाहीच म्हणत होते गं. रोज म्हणायचा, भरोसा नाही का माझ्यावर? एकदा बघून डिलीट करतो म्हणाला."

झुंबरबाई खाली बसली. सुईत दोरा ओवला, फूल उचललं, तसंच हातात राहिलं. सारा झेंडू मान टाकून पडला होता.

"माझा फोटू आठ घरं फिरून माघारी आला," ती फुलाकडे बघत म्हणाली. "नववं घर पिंपळगावचं. नकार कळवला, फोटू ठिवून घेतला. कशाला, कोन जाणे. मला न इचारता काढला, न इचारता धाडला. तुझ्या बापालाबी कधी बोलले नाय."

स्नेहल चार दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे वळली.

"अजूनबी येष्टी पिंपळगावला थांबली का, मी तोंडावर पदर वढते."