माझ्याबद्दल चार चांगले शब्द

स्वतःची तारीफ स्वतःच्या हाताने लिहायची, हा प्रकार ज्याने काढला त्याला एकदा कळमनुरीच्या भरबाजारात आणून उभा केला पाहिजे. हिंगोलीच्या एका संस्थेत जागा निघाली होती. काम पाण्याचं. गावोगाव फिरायचं, गावसभेत उभं राहून बोलायचं, न ऐकणाऱ्यांना ऐकायला लावायचं. वयाची अट तेहतीस आणि मला बत्तीस सरत आलेली. ही संधी हुकली की इनायतचाचांच्या दुकानात ठिबकच्या नळ्या विकत केस पांढरे करायचे, हे मला लख्ख दिसत होतं.

अर्जासोबत पत्र लागत होतं. मी लिहिलं, ‘मी होतकरू व मेहनती आहे.’ चाचांच्या लेकीने, अजराने, ते वाचून कपाळावर हात मारला.

“अगं करुणा, हे तर सगळ्याच लिहितात. तू काय करती ते लिही ना.”

“काय करती मी?”

“त्या म्हाताऱ्यानं पाइप फेकून मारला, तरी तू त्याच्या वावरातून हलली न्हाईस. सगळं ठिबक जोडून, त्याला समजावून मगच आली. ते लिही.”

मग लिहिलं. दुकानाची स्कूटी घेऊन वर्षानुवर्षं एकटी वावरावावरात फिरते. पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून भांडते आणि समजावतेही. अंधार पडला तरी जोडणी अर्धी टाकून येत नाही. लिहिता लिहिता मला स्वतःचाच हेवा वाटायला लागला. इतकी कामाची बाई माझ्या ओळखीत आहे, हे मला माहीतच नव्हतं.

खाली दोन माणसांचे नंबर हवे होते, आपल्याला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या. एक कॉलेजच्या सरांचा दिला. ते कुणाचाच फोन उचलत नाहीत, म्हणजे तो असून नसल्यासारखा. दुसरा चाचांचा. माझं काम त्यांच्याइतकं कुणी पाहिलंय?

सांगायला गेले तर दुकानात ही गर्दी. काम सोडायचं म्हणतेय, हे गिऱ्हाइकांसमोर कसं बोलणार? काउंटरवर वाकून हळूच म्हटलं, “चाचा, हिंगोलीहून माझ्याबद्दल विचारायला फोन येईल. चांगलं सांगा.”

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. “बेटा, तू फिकीर करू नको. मी बराबर सांगतो.” मला वाटलं, मी जाणार म्हणून त्यांना वाईट वाटतंय. मलाही वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात संस्थेतल्या बाईंचा फोन आला.

“करुणाताई, पत्र तुम्हीच लिहिलंय का?”

“हो.”

“आम्ही इनायतभाईंशी बोललो. ते म्हणाले, मुलगी एकदम गरीब, मान वर करून बघत नाही. दुकानात एका कोपऱ्यात बसून काम करते, बाहेर कुठं जात नाही. दिवेलागणीच्या आत घरी. परक्या माणसाशी तर शब्द बोलत नाही.” बाई पुढे म्हणाल्या, “थोडं वाढवून सगळेच लिहितात हो. पण इतकं?”

मी म्हटलं, ते चुकीचं बोलले. बाई म्हणाल्या, नाव तुम्हीच दिलंय. मी म्हटलं, एकदा समोर बोलवा, कुठल्याही गावात नेऊन उभी करा. आवाज चढला माझा, आणि लगेच मीच तो खाली आणला. त्या म्हणाल्या, जागा भरली.

तशीच दुकानात गेले, भांडायला. चाचा मला बघून गल्ल्यावरून उठून पुढे आले.

“आला का निरोप? एक बाई बोलून राहिली होती. सासूच असन. संस्थेत नोकरीला हाय म्हणली. शिकलेलं घर दिसतं. मी तिला पुढं काही इचारूच दिलं न्हाई, सगळं आपणहून सांगितलं.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे लग्नाच्या मुलीची विचारपूस अशीच होते, शेजाऱ्याकडे, मालकाकडे. आणि उत्तरही ठरलेलं असतं. शेजारच्या पोरींसाठी ते मीही दोनदा दिलंय, अगदी याच शब्दांत.

चाचांनी आवाज खाली आणला. “स्कूटीचं नाव काढलं न्हाई मी. तू गावोगाव हिंडती, माणसांशी भांडती, त्या म्हाताऱ्याचा पाइप, उशिरा घरी येणं, यातलं एक हरफ कळू दिलं न्हाई त्यांना.”

सगळं ठाऊक होतं त्यांना. माझ्या पत्रातली ओळ न् ओळ. ते खरं आहे असं सांगू शकणारा हा एकच माणूस होता, आणि त्याने ते सगळं जीव लावून झाकलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. चाचांनी सांगितलेली मुलगी ती हीच असावी.

“काय म्हणले मग?”

“न्हाई जमलं, चाचा.”

“काहून?”

आता काय सांगायचं? “वय जास्त वाटलं त्यांना.”

चाचा मटकन स्टुलावर बसले. “पण मी तर अठ्ठावीसच सांगितलं होतं, बेटा.”