अळूच्या मळ्यातली डुकरीण

वावाऊ बेटावरच्या आमच्या शाळेत मी आठवीला संगणक शिकवते. मोबाईलवर या मुलांची बोटं भिंगरीसारखी फिरतात, पण संगणकापुढे बसवलं की अडखळतात. फाईल कुठे ठेवली हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मग पुढच्या तासाला 'माझं काम कुणी चोरलं?' म्हणून भांडणं.

लोसालिनेला तर हा तासच नको असायचा. तिचं लक्ष खिडकीबाहेर, शाळेच्या अळूच्या मळ्याकडे. मळ्याची राखण आठवीकडे होती आणि कुठली तरी नवीच डुकरीण रोज कुंपणातून घुसून रोपं उपटत होती. गावातली सगळी डुकरं मुलांना ओळखू येतात, पण हिचा धनी कोण, ते कळेना.

एकदा तासालाच ती डुकरीण मळ्यात शिरली. लोसालिने मला न विचारता बाहेर धावली. मी मागोमाग गेले, पण तिला ओरडण्याऐवजी माझा फोन तिच्या हातात दिला आणि डुकरिणीचा फोटो काढायला सांगितलं. त्या दिवशी धडा ठरला : जाहीर सूचना तयार करणे.

फोटो फोनमधून संगणकात आणण्यात निम्मा तास गेला. मग लोसालिनेने तो कडेला धरून ओढला, तशी डुकरीण होडीइतकी लांब झाली. वर्ग हसून लोळला. कोपऱ्याला धरून ओढायचं, हे त्यानंतर कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही. मजकुराची सुरुवात तिने 'निर्लज्ज मालकास' अशी केली होती, तीही ठळक अक्षरांत. मी म्हटलं, वाचणाऱ्याने काय करायचं ते लिही.

"पण बाई, त्याला लाज वाटायला नको?"

"फोटो बघून वाटेल. तू कुंपणाचं लिही."

तिने तोंड वाकडं केलं, पण लिहिलं : डुकरीण बांधून ठेवा आणि मळ्याचं कुंपण नीट करून द्या. सूचना छापून मुलांनी दुकानात आणि चर्चच्या ओसरीवर लावली.

सोमवारी चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायको, फिफिताकाकू, वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. हे कुटुंब नुकतंच दुसऱ्या बेटावरून बदलून आलं होतं. सूचना कुणी केली, असं त्यांनी विचारलं. लोसालिने उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"मी केली, काकू."

काकूंनी सांगितलं की डुकरीण त्यांचीच. बोटीतून आणल्यापासून तिला नवं घर मानवत नाही. शनिवारी पाळकसाहेब माणसं घेऊन कुंपण नीट करतील. मग त्या बाकावर टेकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बाळ, तो फोटो माझ्या मुलाला पाठवशील का? ऑकलंडला असतो. डुकरीण एवढी वाढली, यावर त्याचा विश्वासच बसत नाही."

लोसालिने माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम खिडकी लावायला गेले. तिने ईमेलचा पत्ता विचारून घेतला, विषय लिहिला, दोन ओळींचं पत्र लिहिलं. पाठवण्याआधी स्वतःच थांबली, कपाळावर हात मारला आणि राहिलेला फोटो जोडला. फोटो कुठे ठेवलाय, ते तिला शोधावं लागलं नाही.

बुधवारी उत्तर आलं. मुलाने लिहिलं होतं की फोटो त्याने कारखान्यात सगळ्यांना दाखवला, आणि आई हसतानाचाही एक पाठवा. लोसालिनेने ते पत्र काकूंना दोनदा वाचून दाखवलं. काकूंनी डोळे पुसले, केस सारखे केले आणि लगेच फोटोला बसल्या.

शनिवारी कुंपण झालं. पाळकसाहेबांनी खुंट ठोकले, मुलांनी तार धरली. दुपारी काकूंनी अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध घालून शिजवलेलं लू आणलं. सगळे मळ्याच्या कडेलाच जेवले. जेवताना लोसालिनेने हळूच विचारलं, आता चर्चमधली सूचना काढून टाकू का.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "चर्चच्या कोषाध्यक्षांचीही डुकरं मोकाट फिरतात."