कुत्र्याचं झाकण

“आधी कंगवा, मग पाणी. आणि कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे गं. वरवर फिरवायचा असेल, तर हात स्वस्थ ठेवलेले बरे.”

सासूबाईंचे हे बोल थोरलीला धाकट्या जावेच्या दिवाणखान्यात आठवले, कारण समोर नेमकं उलटं वर्णन चाललं होतं.

सोफ्यावर जावळ्या बसला होता. कुरळ्या केसांचा कुत्रा, सासूबाईंनी पिल्लू असल्यापासून वाढवलेला. चार महिन्यांपूर्वी त्या गेल्या आणि धाकटीने त्याला आपल्या घरी उचलून आणलं. प्रेमाने म्हणावं तर तसं काही नव्हतं. नव्या सोफ्याला त्याचा रंग शोभत होता, एवढंच.

“एक दिवसाआड आंघोळ, जाऊबाई,” धाकटी पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “शाम्पू वेगळा, कंडिशनर वेगळा. मग ड्रायर, मग ब्रश. माझ्या स्वतःच्या केसांचे एवढे लाड नाहीत.”

“आंघोळीआधी विंचरत नाहीस?”

“भिजायच्या आधी विंचरून काय करायचंय? पुन्हा विस्कटणारच ना!”

पाहुण्या हसल्या. दीरही हसले. बायको हसली की हसायचं, हे वळण त्यांना, जावळ्याला बसायचं वळण लागलं त्यापेक्षा लवकर लागलं होतं.

थोरलीने जावळ्याला जवळ ओढलं. वरचे केस कापसासारखे फुललेले. पण कानामागे बोटं घातली तर ती आत शिरेनात. पायपुसण्यासारखा नुसता जाड थर. काखेत तेच, जांघेत तेच. न सोडवलेल्या गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो, आणि धाकटी तो एक दिवसाआड, सुगंधी फेस लावून, हौसेने आवळत होती. जावळ्या कुंईकुंई करत अंग चोरून बसला.

“आतून सगळा गुंता झालाय,” थोरली हळू आवाजात म्हणाली. “कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईंकडे उद्या मी नेते याला.”

“तुमच्या डोळ्यांत ना, जाऊबाई, दुसऱ्याकडचं छान ते खुपतंच. न्या की. मी पण येते, तोंडावर ऐकवायला.”

केस कापणाऱ्या बाईंनी जावळ्याला टेबलावर उभं केलं. कंगवा दिसताच तो दात विचकून मागे सरला.

“विंचरतं कोण याला?”

“मीच. रोज,” धाकटी ऐटीत म्हणाली.

बाईंनी पाठीवर कंगवा लावला. अर्ध्या बोटावर तो अडला आणि तिथेच उभा राहिला.

“ताई, तुम्ही कुत्रा विंचरत नव्हता. कुत्र्याचं झाकण विंचरत होता.”

मशीन फिरलं. केस सुटे पडलेच नाहीत; सदरा उतरावा तसे एकसंध निघाले. खाली उघडी गुलाबी कातडी आणि काखेत लालभडक चट्टे. धाकटी मात्र चट्ट्यांकडे न बघता आरशात बघत होती.

“अगं बाई! हा तर उंदीर दिसतोय. शनिवारी माझ्याकडे माणसं येणारेत! केस येईपर्यंत गॅलरीतच ठेवावा लागेल.”

“केस येतील दोनेक महिन्यांत,” बाई म्हणाल्या. “पण तोवर रोज मऊ ब्रश फिरवा. त्याची भीती आत्ताच मोडली नाही, तर पुढे कुणाला हात लावू देणार नाही. मग दर वेळी हीच हजामत, आणि हेच चट्टे.”

“टकलाला ब्रश? रोज? मला दुसरी कामं नाहीत का?”

थोरलीच्या जिभेवर एकाहून एक धारदार वाक्यं तयार होती. चार महिने घरी बसून तिने दुसरं केलंच काय होतं? धाकटीचा दिखाऊपणा, धाकटीचा आळस, धाकटीची अक्कल, सगळं मनातल्या मनात यथेच्छ निंदून झालं होतं. पण जावळ्या टेबलावरून उतरला आणि तिच्याच पावलावर भादरलेलं तोंड टेकून बसला. तिला हॉस्पिटलची ती खाट आठवली. “तो कुणाकडेही राहू दे, त्याचा कंगवा तू बघ,” सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि ती “हो, आई” म्हणाली होती. मग धाकटीने कुत्रा नेला, तेव्हा हिला सुटल्यासारखं वाटलं होतं. ज्याच्या घरी कुत्रा, त्याच्या गळ्यात कंगवा, असा सोयीचा हिशेब हिने स्वतःशी केला होता. धाकटीला निदान कंगव्याचं ठाऊक तरी नव्हतं. हिला सगळं ठाऊक होतं. रोजची प्रार्थना एक दिवस चुकू न देणारी ही बाई, दिलेला शब्द मात्र चार महिने चुकवत बसली होती. आता तुच्छ कुणाला लेखायचं?



दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना आटोपून तिने कपाटाचा खालचा खण उघडला. सासूबाईंचा लाकडी मुठीचा ब्रश पिशवीत टाकला. कंगवाही घेतला, पण रुमालात गुंडाळून, तळाशी.

“इतक्या सकाळी कुठे?” नवऱ्याने पेपरातून विचारलं.

“धाकटीकडे. जावळ्याला विंचरायला.”

“पण त्याला केस कुठे उरलेत?”

“म्हणूनच,” ती म्हणाली, आणि चपला घालून, आवाज न करता दार ओढून घेत जिना उतरू लागली.